एका मापाच्या सात काठ्या

देवीदास सुताराला बसता येत नसे. पायाला काही झालं होतं असं नाही. पंचावन्नाचा धडधाकट माणूस, दात शाबूत, नजर शाबूत. पण त्याला रिकाम्या हातानं पाच मिनिटं बूड टेकवून बसलेलं मूर्तिजापुरात कोणी पाहिलं असेल तर त्यानं खुशाल पैज लावावी. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं, पाहुण्याशी बोलणं दारात उभ्यानं. जेवायला तेवढा केशरबाईच्या धाकानं बसे, तोही एक गुडघा वर धरून, केव्हाही उठता येईल असा. लोक म्हणत, देवीदासच्या पायाले भिंगरी हाये. केशरबाई म्हणे, पायाले असती तं बांधून ठेवली असती, डोक्यात हाये.

आधी असं नव्हतं हो. हाच माणूस सकाळी ठिय्यावर कामाला बसला की दुपारच्या भाकरीलाच उठे. वखर, डवरं, तिफन, जू, कुऱ्हाडीचे दांडे, विळ्यांच्या मुठी. उन्हाळा सरत आला की त्याच्या दारात एवढी गर्दी होई की केशरबाईला पाण्याचा माठ दिवसातून तीनदा भरावा लागे. मग सोयाबीन आलं, त्याच्या मागं ट्रॅक्टर आले, ट्रॅक्टरच्या मागं तण मारायचं औषध आलं आणि डवऱ्याचं काम फवाऱ्यानं खाल्लं. दोन हजार पाच-सहापासून तर लोकांनी बैलजोड्याच विकायला काढल्या. बैल नाही तर जू कोणाच्या मानेवर ठेवता? त्या सालांत आमच्या वऱ्हाडात पाहणी करायला किती जण आले म्हणून सांगू. दिल्लीचे आले, मुंबईचे आले, कॅमेरेवाले आले, कास्तकाराच्या ओसरीत बसून चहा पिऊन गेले. बरोबर आहे, त्याचं दुःख मोठंच होतं. पण त्या कास्तकाराच्या औतावर ज्याचं पोट, त्या सुताराचं काय चाललंय हे विचारायला एक मायचा लाल देवीदासच्या दारी थांबला नाही. याचा राग येतो तो येतोच.

तर काम गेलं आणि देवीदासचे हात शिवशिवायला लागले. घरात दिसेल ते दुरुस्त करी. दाराची चांगली कडी काढून पुन्हा बसवी. केशरबाईचं पोळपाट त्यानं इतक्यांदा रंधा मारून साफ केलं की शेवटी त्यावर पोळी मावेना. सकाळी स्टेशनात जाऊन शकुंतला ही छोटी गाडी सुटताना पाही, दुपारी ती परत आली का म्हणून पुन्हा जाई. ती गाडी काही कधी वेळेवर आली नाही, त्यामुळे त्याच्या दोन फेऱ्या जास्तीच्या होत. घरी आला की केशरबाई विचारी, सापडलं का काही? तो म्हणे, नाई, आणि पुन्हा चपला पायात घाली.

पण हात मात्र हात होता. त्याच्या दांड्याचं लाकूड धावड्याचंच असे, आणि माप माणसाचं. गिऱ्हाईक आलं की त्याला सरळ उभं करायचं, हात सोडायला लावायचा, मनगटाच्या हाडापासून जमिनीपर्यंत सुतळी धरायची आणि गाठ मारायची. त्या एका गाठीवरून तो त्या माणसाची सगळी हत्यारं मापात आणी. दांडा हत्याराचा नसतो, माणसाचा असतो, असं तो सांगे. एका माणसाचं एक माप, हा त्याच्या बापानं घालून दिलेला धर्म होता. दुसरा रिवाज असा की कोणाचं हत्यार उसनं आणलं तर परत देताना त्याला नवा दांडा घालून द्यायचा.

त्याची एकच लेक, साधना. अमरावतीला शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. खो-खोत तिचा हात धरणारी पोट्टी अकोला जिल्ह्यात नव्हती, त्या जोरावर तिला वसतिगृहात खेळाडूची फुकट जागा मिळाली होती. जागेची अट एकच: दरसाल कुठल्या तरी खेळात विद्यापीठाच्या संघात नाव लागलं पाहिजे. आणि त्या दिवाळीआधी खांबाला वळसा घेताना तिचा गुडघा फिरला. डॉक्टरनं सांगितलं, चाल, उभी राहा, पण धावायचं वर्षभर नाव काढू नको. खो-खो गेला की जागा गेली, जागा गेली की शिक्षण गेलं, हे बापलेकीला एकमेकांना सांगावं लागलं नाही. देवीदासच्या स्टेशनाच्या फेऱ्या दुप्पट झाल्या.

तेव्हा तिच्या गजेंद्र सरांनी वाट काढली. विद्यापीठ यंदा पहिल्यांदाच मुलींचा गोल्फचा संघ पाठवणार होतं. मुली चार पाहिजेत, निवड जानेवारीच्या शेवटी. या खेळात धावावं लागत नाही, उभं राहून चेंडू मारायचा आणि चालत जायचं. सर स्वतः नागपूरला तीन दिवसांच्या शिबिरात जेवढं शिकले तेवढंच त्यांना येत होतं, हे त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. कॉलेजात काठ्यांचा संच एकच होता आणि त्याला चार मुली आधीच लागल्या होत्या. साधना पाचवी. तिनं स्वतःच्या काठ्या आणल्या तर तिला हात बसवायला वेळ मिळेल, नाही तर कठीण आहे, असं ते म्हणाले.

केशरबाईनं हे ऐकून डोक्याला हात लावला. लेकीले मास्तरीण व्हाले पाठवलं का गोट्या खेळाले, असं तिनं विचारलं. पण देवीदासच्या कानात एकच शब्द अडकला होता, काठ्या. काठ्या निवडायच्या आहेत म्हणजे काम आपलं आहे! दुसऱ्याच दिवशी त्यानं थैलीत करवत, लाकूड तासायची वाकस, कानस टाकली, त्यांच्याशिवाय तो बाजारालाही जात नसे, आणि बडनेऱ्याची गाडी धरली.

अमरावतीच्या कॅम्पात भगवंतराव म्हणून पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर राहत. त्यांच्याकडे दोन संच आहेत आणि त्यातला एक ते वापरायला देतील, असं सरांनी ठरवून ठेवलं होतं. भगवंतराव सत्तरीचे, उंच, मोजकं बोलणारे. त्यांनी बापलेकीला व्हरांड्यात नेलं. एक संच नव्याकोऱ्या काळ्या पिशवीत होता, निवृत्तीच्या वेळी ऑफिसच्या लोकांनी दिलेला. दोन काठ्यांच्या डोक्यावरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. दुसऱ्या संचाला पिशवी नव्हती. त्या काठ्या भिंतीला ओळीनं टेकून उभ्या होत्या, खाली फरशीच्या खाचेत पाय रोवून. सात लोखंडी पात्याच्या, पात्यावर तीनपासून नऊपर्यंत आकडे, आणि आठवी जवळून ढकलायची चपटी, तेवढी कोपऱ्यात आडवी पडलेली. सगळा बंगला ताजा रंगवलेला, फक्त तेवढी भिंत जुन्या चुन्याची, पिवळी पडलेली. आणि उभ्या असलेल्या प्रत्येक काठीच्या मुठीमागं चुन्यावर तेलकट काळा डाग, एकाहून एक खाली उतरत गेलेला. देवीदासनं ते पाहिलं. त्याच्या नजरेतून काही सुटत नसे, पण त्या वेळी त्याला त्याचं काही वाटलं नाही.

साधनाचे डोळे पिशवीवर होते. तरणी पोर, चकाकीवर जीव जाणारच. ती एक नवी काठी काढून उभीही राहिली आणि बापाकडे पाहून हसली. देवीदासनं ती काठी हातात घेतली, नखानं टिचकी मारून ऐकली, बोटावर तोलून पाहिली आणि परत ठेवली. वाईट नव्हती. पण ती कधी कामाला गेलेलीच नव्हती, आणि कामाला न गेलेल्या हत्याराबद्दल सुतार काय बोलणार? मग तो भिंतीकडे वळला. पहिली जुनी काठी उचलून उजेडात धरली आणि तिथंच थबकला. पात्याच्या बरोबर मधोमध रुपयाएवढी जागा झिजून मंद झाली होती. बाकी पातं जसंच्या तसं. त्यानं दुसरी पाहिली, तिसरी पाहिली, साती पाहिल्या. सगळ्यांना तोच रुपया, त्याच जागी. चाळीस वर्षांत त्याच्या हाताखालून हजारो विळे-कुऱ्हाडी गेल्या. कोणाचं टोक झिजलेलं, कोणाचं बूड. मधोमध झिजलेलं हत्यार त्यानं बोटावर मोजण्याएवढं पाहिलं होतं. त्याच्या अंगावर काटा आला.

“ह्याच घे,” तो साधनाला म्हणाला.

पोरीचं तोंड पडलं. नवी काठी पिशवीत ठेवताना तिनं जरा जोरातच ठेवली. देवीदास भगवंतरावांना कौतुकानं म्हणाला की साहेब, तुमचा हात लय बसलेला होता. भगवंतराव भिंतीकडे वळले. त्यांना वाटलं होतं, मुलगी नवा संच नेईल. शब्द मात्र दोन्हींतला कोणताही असाच दिला होता.

“त्या माझ्या नाहीत,” ते म्हणाले. “माझ्या बायकोच्या, आशाबाईंच्या आहेत. नागपूरला असताना ती खेळायची, मी नुसता मागं मागं फिरायचो. चार वर्षं झाली तिला जाऊन. न्या. पण काम झालं की परत आणून द्या.”

देवीदासनं हात जोडले आणि सांगितलं की आमच्यात उसनं हत्यार नवा दांडा घालूनच परत करतात, काळजी करू नका. त्यानं ते रिवाज म्हणून सांगितलं, भगवंतरावांनी ते बोलण्याची पद्धत म्हणून ऐकलं. त्यांनी मान हलवली आणि काठ्या गेल्या.

तीन आठवडे बरे गेले. साधना रोज सकाळी मैदानावर जाई आणि दोन दिवसांआड शेजारच्या दुकानावर बापाला फोन करी. सुरुवातीला चेंडू जागचा हलेना, मग घरंगळायला लागला, मग एक दिवस उडाला. तो उडाला त्या दिवशी बापाला सांगताना ती हसतच सुटली होती. नव्या काठ्यांचं तिनं नाव काढलं नाही. फक्त दोन तक्रारी होत्या: मुठीचं जुनं चामडं हातातून निसटतं, आणि तिसऱ्या आकड्याची काठी लांब वाटते, आवरत नाही. निवडीच्या आधीच्या रविवारी ती काठ्या घेऊन घरी आली, चामडं बदलून शुक्रवारपर्यंत पोचवून द्या म्हणाली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली.

सोमवारी देवीदासनं साती मुठींचं चामडं सोललं आणि काठ्या ठिय्यासमोर एकीला एक लावून ठेवल्या. पाहतो तर काय, दोन काठ्या एका मापाच्या नाहीत! नवव्या आकड्याची सगळ्यात आखूड, तिसऱ्याची तिच्याहून चांगली चार बोटं मोठी, मधल्या कशाही वाढत गेलेल्या. एका बाईला सात मापांचे दांडे? कोण्या अडाण्यानं घातले असतील हे, म्हणून त्याला त्या अडाण्याची लाज वाटली. बिचाऱ्या आशाबाईंनी जन्मभर असल्या काठ्यांनी खेळून पात्याच्या मधोमध मारलं, म्हणजे त्या बाईचा हात केवढा! आणि आपली पोरगी उगाच म्हणते का लांब वाटते म्हणून? साधनाच्या मापाची सुतळी खुंटीला होतीच. धरून पाहिली तर गाठ बरोबर नवव्या आकड्याच्या काठीशी जुळली. देवासारखं जुळलं, असं तो केशरबाईला म्हणाला.

लोखंड कापायची करवत घेऊन तो बसला. दिवसभर बसला. केशरबाई दोनदा त्याच्या कपाळाला हात लावून गेली, ताप तर नाही ना म्हणून. साती काठ्या त्यानं एका मापात आणल्या, कापलेली तोंडं कानशीनं गुळगुळीत केली, नवं चामडं असं गुंडाळलं की जोड दिसू नये. कापलेल्या नळीचे तुकडे फेकायचे कशाला? त्यांच्या त्यानं कड्या कापल्या आणि पडून असलेल्या विळ्यांच्या मुठींना ठोकून दिल्या. दिवस मावळताना त्यानं साती काठ्या भिंतीला लावल्या. वरची ओळ अशी सरळ की पाण्याची पातळी. कित्येक सालांनी आपल्या हातून काही झालं, या आनंदानं त्याला जेवणही गेलं नाही. पोरीची सोय झाली, साहेबांच्या काठ्याही सुधारल्या, असं त्याच्या मनात चाललं होतं. काय सांगावं अशा माणसाला!

शुक्रवारी तो मैदानावर पोचला. साधना धावतच येणार होती, गुडघ्याची आठवण होऊन चालत आली. गजेंद्र सरांनी काठ्यांवरचं फडकं सोडलं. त्यांनी एक पाहिली, दोन पाहिल्या, मग साती जमिनीवर टेकवून धरल्या आणि त्यांचा चेहराच उतरला. काकाजी, हे काय केलं, एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. मग त्यांनी समजावून सांगितलं. काठी जेवढी लांब तेवढा चेंडू लांब जातो. आकडे त्यासाठीच आहेत. लांबचा पल्ला, मधला पल्ला, जवळचा पल्ला, रविवारी तिन्हींची परीक्षा होती; आता साती काठ्या जवळच्याच पल्ल्याच्या झाल्या. किती किती वाढवायच्या ते सरांनाही ठाऊक नव्हतं, कारण हा संच दुकानातला नव्हता, मापानं बनवून घेतलेला होता. कॉलेजचा संच चार मुलींच्या हातात. भगवंतरावांचा नवा साधनाला छातीएवढा उंच आणि जड, दोन दिवसांत त्यावर हात बसणार नाही.

साधनानं तिसऱ्या आकड्याची काठी उचलली, जमिनीला टेकवली, तिच्या आखूडपणाकडे पाहिलं. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

“बाबा,” ती म्हणाली, “मी चामडं बदलाले सांगतलं होतं. तुमाले हात स्वस्थ ठेवता येतच नाई. कायलेच येत नाई?”

तिनं काठी खाली ठेवली आणि वसतिगृहाकडे चालायला लागली. वाकडी पडणारी तिची चाल त्यानं मागून पाहिली आणि आपण बाप म्हणून नालायक आहोत असं त्याला साफ वाटलं. मग त्यानं साती काठ्या फडक्यात बांधल्या, खांद्यावर टाकल्या आणि कॅम्पाकडे चालत निघाला. रिक्षाला थांबण्याएवढाही धीर त्याला नव्हता.

भगवंतरावांनी दार उघडलं तेव्हा त्यानं नमस्कारही केला नाही.

“साहेब, मी आशाबाईंच्या काठ्या कापल्या,” तो म्हणाला. “सातातल्या सहा. पोरीच्या मापात आणाले गेलो. मले वाटलं कोणी चुकीचे दांडे घातले. मी अडाणी निंगालो.”

भगवंतरावांनी फडकं सोडलं. नव्या चामड्यावरून हात फिरवला. हे माप द्यायला ती दोनदा कलकत्त्याला गेली होती, असं ते म्हणाले. ते आत गेले आणि खोलीचं दार लावून घेतलं. शिव्या दिल्या असत्या तर देवीदासनं त्या खाल्ल्या असत्या. बंद दारासमोर काय करायचं हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. निघून जाववेना आणि थांबवेना. तो व्हरांड्यात येरझाऱ्या घालायला लागला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, काठ्या काखेत तशाच.

कितव्या फेरीला कोण जाणे, त्याची नजर त्या चुन्याच्या भिंतीवर गेली. रिकामी भिंत, आणि तिच्यावर सात तेलकट डाग, उतरत गेलेले. तो जागीच उभा राहिला. खाली फरशीच्या खाचेत काठ्यांचे पाय वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी टेकून दगड काळा पडला होता. त्यानं तिसऱ्या आकड्याची काठी काढली, तिचा पाय काळ्या खुणेवर रोवला आणि भिंतीला टेकवली. मूठ डागाच्या चार बोटं खाली राहिली. त्यानं चौथी लावली. ती त्याहून जरा कमी खाली. नववी, जी त्यानं कापलीच नव्हती, ती बरोबर आपल्या डागावर जाऊन बसली.

“साहेब!” त्यानं बंद दारावर थाप मारली. “साहेब, बाईंनी माप लिहून ठेवलं हाये. भाईर या.”

भगवंतराव बाहेर आले. डोळे लाल होते. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, काठ्यांकडे पाहिलं, आणि इंजिनिअरच तो, त्यांना सांगावं लागलं नाही. घर रंगवताना एवढी भिंत सोडा म्हणून आपण रंगाऱ्याशी भांडलो होतो, असं ते हळूच म्हणाले.

आता लाकूड पाहिजे होतं. नळीत घट्ट बसेल आणि चेंडू मारला तरी चिरणार नाही असं एकच लाकूड देवीदासला माहीत होतं, आणि बागेच्या कोपऱ्यात माळ्याची कुदळ पडली होती. दांडा हातात घेताच त्यानं धावडा ओळखला. हा दांडा मले द्या, तुमच्या माळ्याले नवा घालून देतो, असं त्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता वाकस चालवली. नळीच्या आतल्या मापाच्या खुंट्या तासल्या, थैलीतला सरस लावून ठोकल्या, वर नळीएवढ्याच जाडीचा भाग ठेवला. भगवंतराव प्रत्येक काठीचा पाय खुणेवर धरून उकिडवे बसत, देवीदास डागाशी नखानं रेघ मारी आणि तिथं कापी. पाचवी धरताना भगवंतराव म्हणाले, ही तिची लाडकी होती. शेवटची काठी भिंतीला लागली तेव्हा साती मुठी आपापल्या डागावर होत्या, पण नववी सोडून सगळ्यांची वरची काही बोटं आता धावड्याची होती.

शनिवारी सरस वाळला आणि देवीदासनं चामडं पुन्हा वरपर्यंत गुंडाळलं. साधनानं काठ्या घेतल्या, बापाकडे न पाहता. दिवसभर मैदानावर मारत राहिली आणि देवीदास कुंपणाबाहेर या झाडापासून त्या झाडापर्यंत हिंडत राहिला. रात्री तो स्टेशनावरच थांबला. घरी जाऊन केशरबाईला काय सांगणार होता?

रविवारी निवड. देवीदासला पाहणं जमेना, म्हणून तो मैदानाच्या भिंतीमागं जाऊन उभा राहिला. त्याला पाहायची गरजही नव्हती. कुऱ्हाड कुठं बसली हे तो आयुष्यभर आवाजावरून सांगत आला होता. प्रत्येक मुलीला प्रत्येक पल्ल्याच्या एका काठीनं दोनच वेळा मारायचं होतं. भोंग्यावरून नाव पुकारत आणि मग आवाज येई. पहिल्या चौघींचे आवाज त्यानं ऐकले. दोघींचे स्वच्छ, तिसरीचे बरे, चौथीचे बुडाशी लागलेले. मग साधनाचं नाव आलं. जवळची काठी: टक्, स्वच्छ. दुसऱ्यांदा, तेवढीच स्वच्छ. मधली काठी: एकदा मातीचा आवाज आला, दुसऱ्यांदा बरी. त्याला कळेना पायांचं काय करावं. भिंतीच्या कडेनं दहा पावलं गेला, दहा पावलं आला. तेव्हा त्याला भगवंतराव दिसले. ते कधी येऊन भिंतीला टेकले होते कोण जाणे.

तिसऱ्या आकड्याची काठी. पहिल्या वेळेस आवाज कोरडा आला, टोकाशी लागल्यासारखा. लाकूड फुटलं, असं देवीदासला वाटलं. फुटलं नव्हतं, पण ते त्याला तिथून कळणार कसं? त्यानं भिंतीला दोन्ही हात लावले. मैदानावर बराच वेळ काहीच झालं नाही. मग दुसरा आवाज आला. भरीव, एकसंध, मधोमध बसलेला. त्या आवाजापाठोपाठ मैदानावर कोणी तरी शिट्टी मारली.

भगवंतरावांनी डोळे मिटले होते.

“हा आवाज मला ठाऊक आहे,” ते म्हणाले.

अर्ध्या तासानं गजेंद्र सरांनी चार नावं वाचली. चौथं नाव साधनाचं होतं. देवीदासनं ते ऐकलं आणि काहीच केलं नाही, मान हलवली नाही की हात जोडले नाहीत. भगवंतराव निघताना त्याला एवढंच सांगून गेले की खेळ संपला की काठ्या आणून द्यायच्या, विसरायचं नाही, भिंत तशीच ठेवतो. आणि माळ्याच्या कुदळीचा दांडाही बाकी आहे.

साधना त्याला शोधत भिंतीमागं आली. तिसऱ्या आकड्याची काठी तिच्या हातात होती, मुठीवरचं चामडं घामानं काळं पडलं होतं. बाबांना शिव्या घालायच्या की पाया पडायचं, हे तिचं रस्ताभर ठरत नव्हतं. पण वळसा घालून ती पुढं आली आणि थांबली. तिचा बाप भिंतीला पाठ लावून, पाय लांब सोडून धुळीत बसला होता. थैली बाजूला होती. हात रिकामे, मांडीवर उलटे पडलेले.

काठी टाकून ती त्याच्यासमोर गुडघ्यावर टेकली, दुखऱ्या गुडघ्याची पर्वा न करता, आणि त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

“बाबा, काय झालं? तुमी बसले काहून?”

“काई नाई व माय,” देवीदास म्हणाला. “बसलो.”